सोवळ्याकडून आपलेपणाकडे

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला यंदा मी प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी छोटी पुस्तकं लुटली. त्या खरेदीत स्वतःसाठीही एक जाडजूड पुस्तक घेतलं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. शाळेत त्यातला एक धडा होता, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. आता चाळिशी उलटल्यावर सगळं वाचलं आणि हसता हसता मध्येच डोळे भरून आले. आपलं घर नेमकं कुठलं, माहेर की सासर, हा प्रश्न आपल्यापैकी कुणाला पडला नाही? लक्ष्मीबाईंना तर तो आयुष्यभर पुरला.

त्या जन्मल्या १८६८ साली, नाशिकजवळच्या जलालपूरला. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाजारातून आलेलं धान्यसुद्धा धुतल्याशिवाय चालायचं नाही. अकराव्या वर्षी लग्न झालं नारायण वामन टिळकांशी. नवरा कवी, मनानं उदार, पण डोक्यात राख घालून घेणारा आणि एका गावी न टिकणारा. हातात पैसा आला की कुणाला तरी देऊन टाकणार! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बायकोला अक्षरओळख मात्र त्यांनीच करून दिली.

१० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, कुंकू कपाळावर, पण त्याच्या घरी जायचं तर धर्म सोडायचा आणि न जावं तर जन्मभर नातेवाइकांच्या दारात राहायचं. जवळजवळ पाच वर्षं त्या माहेरच्या माणसांच्या आधारानं राहिल्या. काही काळ पंढरपूरलाही होत्या. याच दुःखात त्यांना कविता सुचू लागल्या.

शेवटी मुलाला घेऊन त्या नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, नवऱ्याकडे गेल्या. पण धर्म बदलायला नव्हे! सुरुवातीला आपलं सोवळं-ओवळं, आपला स्वयंपाक, आपलं पाणी सगळं त्यांनी वेगळं ठेवलं. टिळकांनीही जबरदस्ती केली नाही. मला हे फार मोठं वाटतं. एका संसारात दोन धर्म, दोन पाणी, आणि तरी संसार चालू.

मग एके दिवशी त्या विचार करत बसल्या. या जाती देवानं केल्या की माणसांनी? मनानं उत्तर दिलं, माणसांनी. बस्स, तिथून पुढे कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे चर्चच्या दारात जाण्याआधी त्या पाण्याच्या पेल्यापाशी बदलल्या होत्या.

आणि मग हीच बाई दुष्काळात अनाथ झालेल्या मुलांना जेवू-खाऊ घालू लागली, प्लेगच्या रोग्यांची सेवा करू लागली. ज्या घरात धान्यालाही विटाळ व्हायचा, तिथली लेक जिथे सख्खे नातेवाईकही जायला भीत होते तिथे गेली. १९१९ मध्ये टिळक गेले. लक्ष्मीबाई खचल्या नाहीत. त्यांनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहाची जबाबदारी सांभाळली, पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीतही राहिल्या. टिळकांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ त्यांनी ६४ अध्याय लिहून पुढे नेलं. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. १९३६ मध्ये नाशिकला त्यांचं निधन झालं. पुस्तकभर कुठे रडगाणं नाही, की नवऱ्याबद्दल अढी नाही. आपल्या फजितीवर त्या आधी स्वतः हसतात. जुन्या माणसांवरची माया नव्या धर्मात गेल्यावरही आटली नाही.

पुस्तक मिटलं आणि मला आमचा बचत गट आठवला. आम्ही पंधरा जणी. दर महिन्याला बैठक कुणाच्या तरी घरी होते, चहा-पोहे होतात. एक जण पलीकडच्या वस्तीतून येते. तिचा हप्ता कधी चुकत नाही, हिशेब तोंडपाठ. पण सहा वर्षांत तिच्या घरी एकदाही बैठक झालेली नाही. ती येताना स्वतःची पाण्याची बाटली आणते, हेही मी रोज पाहत होते आणि पाहत नव्हते. कुणी काही बोललेलं नाही. बोलायची गरजच पडली नव्हती. आणि मी म्हणे समाजकार्य करते!

गेल्या महिन्यात मी तिला विचारलं, पुढची बैठक तुझ्याकडे ठेवायची का? ती क्षणभर माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं विचारलं, किती कप लागतील?

त्या दिवशी पंधरापैकी अकराच जणी आल्या. चौघींना अचानक कामं निघाली. आलेल्यांपैकी एकीनं चहा पुढ्यात ठेवून गार केला. मला राग आला होता, पण लक्ष्मीबाईंची ती पाच वर्षं आठवली आणि गप्प बसले. त्यांनाही कुणी ढकललं नव्हतं. दार उघडं होतं एवढंच.

पुढची बैठक पुन्हा तिच्याकडेच ठेवली आहे. कप पंधरा मांडा, असं मी तिला सांगून ठेवलंय.