विश्लेषण : १५ वर्षे रखडलेला उष्णतेचा सिद्धान्त आजही चिपनिर्मितीत का लागतो? कोण होते जोसेफ फूरिए?

मोबाइलवर बराच वेळ गेम खेळला की फोनची मागची बाजू तापते. आतल्या चिपमधील उष्णता बाहेर कशी काढायची, याचा हिशेब अभियंते आजही जोसेफ फूरिए या फ्रेंच गणितज्ञाच्या समीकरणापासून सुरू करतात. फूरिए यांनी ते १८०७ मध्ये मांडले, पण ग्रंथरूपात येण्यासाठी १८२२ साल उजाडावे लागले.

शिंप्याचा मुलगा ते तुरुंगातील कैदी

फूरिए यांचा जन्म २१ मार्च १७६८ रोजी फ्रान्समधील ओसेर येथे झाला. वडील शिंपी होते. लहानपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. गावातल्या लष्करी शाळेत त्यांना गणिताची गोडी लागली. फ्रेंच राज्यक्रांतीत ते स्थानिक समितीत सक्रिय होते, पण १७९४ मध्ये त्यांनाच अटक झाली. रोबेस्पिएर यांची सत्ता कोसळल्याने त्यांची सुटका झाली. पुढे ते पॅरिसच्या एकोल पोलिटेक्निकमध्ये शिकवू लागले.

सरकारी नोकरीत संशोधन कसे केले?

१७९८ मध्ये नेपोलियन यांच्या इजिप्त मोहिमेत फूरिएही होते. कैरोत स्थापन झालेल्या इजिप्त संस्थेचे ते सचिव झाले. परतल्यावर प्राध्यापकी करायची इच्छा असतानाही नेपोलियन यांनी त्यांना १८०२ मध्ये ग्रेनोबल येथे इझेर प्रांताचे प्रशासक नेमले. दलदलीचा निचरा आणि ग्रेनोबल-तुरिन रस्ता ही त्यांच्या काळातील मोठी कामे. हा कारभार सांभाळतानाच ते लोखंडी कडे तापवून त्यावर जागोजागी तापमान मोजत होते.

समीकरणात नेमके काय होते?

उष्णता गरम भागाकडून थंड भागाकडे जाते, हे सर्वांनाच ठाऊक होते. पण ती किती वेगाने जाते? फूरिए यांच्या मते तो वेग दोन गोष्टींवर ठरतो : ठरावीक अंतरात तापमान किती उतरते आणि पदार्थ उष्णतेला किती वाट देतो. तांबे लाकडाच्या हजाराहून अधिक पट उष्णता वाहून नेते. म्हणून तांब्याच्या भांड्याला लाकडी मूठ बसवतात. उष्णता म्हणजे नेमके काय, या तेव्हाच्या वादात न शिरता ती कशी वाहते, एवढेच त्यांनी मोजले.

विरोध कशाला झाला?

समीकरण सोडवताना फूरिए यांनी एक धाडसी दावा केला. तापमानाचा आलेख कितीही वेडावाकडा असला, तरी साध्या लहरींची बेरीज करून तो मांडता येतो. गुळगुळीत लहरींच्या बेरजेतून अचानक तुटणारी रेषा कशी तयार होईल, हे लाग्रांज यांना पटले नाही. डिसेंबर १८०७ मध्ये सादर केलेला प्रबंध छापलाच गेला नाही. संस्थेने याच विषयावर स्पर्धा ठेवली. फूरिए यांनी सुधारित प्रबंध पाठवला, १८१२ मध्ये बक्षीसही मिळवले. पण गणिती काटेकोरपणा कमी असल्याचा शेरा कायम राहिला आणि प्रकाशन पुन्हा लांबले. नेपोलियन यांच्या पाडावानंतर तर राजाने त्यांची अकादमीवरील निवड १८१६ मध्ये नाकारली. पुढच्या वर्षी ती मान्य झाली. अखेर १८२२ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी ते अकादमीचे स्थायी सचिवही झाले.

मग बरोबर कोण ठरले?

दोन्ही बाजूंत तथ्य होते. फूरिए यांची उत्तरे बरोबर होती, पण पुरावा अपुरा होता. ती बेरीज कोणत्या अटींवर चालते, हे डिरिक्ले यांनी १८२९ मध्ये सिद्ध केले. याच लहरींच्या अभ्यासातून पुढे कँटर यांचा संच सिद्धान्त उगवला. आज ध्वनी आणि छायाचित्रांच्या डिजिटल फाइल लहान करण्यामागेही याच कल्पनेचा विस्तार आहे. पृथ्वीचे वातावरण सूर्यप्रकाश आत येऊ देते, पण जमिनीची उष्णता सहज बाहेर सोडत नाही, हा विचारही फूरिए यांनी १८२४ मध्ये मांडला. हरितगृह परिणामाच्या अभ्यासाची ती सुरुवात मानली जाते.

आजचे संशोधन कुठे पोहोचले आहे?

१६ मे १८३० रोजी पॅरिसमध्ये फूरिए यांचे निधन झाले. इजिप्तहून परतल्यापासून त्यांना थंडी सोसत नसे आणि ते उबदार कपड्यांत, तापवलेल्या खोलीत राहत, असे सांगितले जाते. त्यांच्या नियमाची मर्यादा आता सूक्ष्म पातळीवर दिसते आहे. सिलिकॉनमध्ये उष्णता अणूंच्या कंपनांतून वाहते. चिपमधील भाग या कंपनांच्या सरासरी धावेपेक्षा लहान झाले, की नियमाचे गणित चुकते आणि उष्णता अंदाजापेक्षा जास्त काळ अडकून राहते. २०१९ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांना अतिथंड ग्रॅफाइटमध्ये उष्णता ध्वनिलहरीसारखी सरकताना आढळली. फूरिए यांच्या समीकरणात हे बसत नाही. तरीही मोबाइल, कारची बॅटरी किंवा डेटा सेंटर थंड ठेवण्याचा हिशेब आजही त्यांच्याच नियमापासून सुरू होतो.