महर्षी अण्णासाहेब कर्वे

आपल्या महाराष्ट्रात अनेक थोर पुरुष होऊन गेले. कोणी तलवार गाजवली, कोणी तुरुंगवास भोगला, कोणी मोठमोठे ग्रंथ लिहिले. मी ज्यांची माहिती लिहिणार आहे, ते अगदी साधे होते. भाषण करायलासुद्धा ते लाजायचे. पण ते १०४ वर्षे जगले आणि त्यांनी हजारो मुलींना शिकवून शहाणे केले. त्यांचे नाव महर्षी धोंडो केशव कर्वे. सगळे त्यांना अण्णा म्हणत.

बाईंनी भित्तिपत्रकासाठी थोर पुरुषांची नावे वाटली, तेव्हा मी अण्णांचे नाव मागून घेतले. घरी आजीला सांगितले. आजीने मला विचारले, की एवढे जगाचे काम करणाऱ्या माणसाने घराकडे कधी पाहिले असेल का? मला उत्तर आले नाही. म्हणून मी बाईंकडून पुस्तक आणले आणि आत्याकडून समजून घेतले. आमची आत्या सातवी शिकली आहे. काका वारल्यापासून ती आमच्याकडेच असते.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात शेरवली या गावी आजोळी झाला. त्यांचे स्वतःचे गाव दापोलीजवळचे मुरूड. ते समुद्राच्या काठी आहे. वडिलांचे नाव केशवपंत आणि आईचे नाव लक्ष्मीबाई. घरची गरिबी होती, पण आईवडील मानी होते. मुरूडच्या शाळेत सोमण गुरुजी होते. त्यांनी अण्णांना अभ्यासाची गोडी लावली.

अण्णा सतरा वर्षांचे झाले, तेव्हा त्यांना एका सरकारी परीक्षेला बसायचे होते. परीक्षा साताऱ्याला होती. त्या वेळी एस. टी. नव्हती. अण्णा आणि त्यांचे सोबती कुंभार्ली घाट चढून पायी निघाले. शंभर मैलांच्या वर वाट होती. चालून चालून पाय सुजले असतील. पण साताऱ्याला पोचल्यावर साहेबांना अण्णा फार लहान दिसले. ते सतरा वर्षांचे आहेत हे त्यांना खरेच वाटेना. त्यांनी अण्णांना परीक्षेला बसू दिले नाही! हे वाचून मला रडू आले. मी असते तर शाळाच सोडली असती. अण्णांनी सोडली नाही. पुढे ते मुंबईला शिकले, शिकवण्या करून पोट भरले आणि १८८४ साली बी. ए. झाले. गणित हा त्यांचा आवडता विषय होता. (माझा नाही.)

त्या काळी लग्ने लहानपणीच व्हायची. अण्णांचे लग्नही चौदा-पंधरा वर्षांचे असताना झाले. पत्नीचे नाव राधाबाई. त्यांना रघुनाथ नावाचा मुलगा झाला. १८९१ साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी अण्णांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावले. त्याच वर्षी राधाबाई वारल्या. छोट्या रघुनाथची आई गेली.

लोक अण्णांना दुसरे लग्न कर म्हणू लागले. त्या वेळी पुरुषाने दुसरे लग्न केले तर कोणी काही बोलत नसे. पण बाईचा नवरा वारला, की तिने जन्मभर दुःखातच राहायचे. तिचे केस काढायचे, तिला एकवेळ जेवायला द्यायचे, तिला शुभकार्यात येऊ द्यायचे नाही. आठ-दहा वर्षांच्या मुलींनासुद्धा हेच. म्हणजे आमच्या वर्गातल्या मुलींएवढ्या! अण्णांना हे सहन होईना. त्यांनी ठरवले, की लग्न करायचे तर विधवेशीच करायचे.

अण्णांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठ वर्षांची असताना विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ती शिकत होती. ११ मार्च १८९३ रोजी अण्णांनी पुण्यात तिच्याशी लग्न केले. तिचे नाव आनंदीबाई झाले. पुढे सगळे त्यांना बाया म्हणू लागले.

मग अण्णा बायांना घेऊन मुरूडला गेले. गावकऱ्यांनी त्यांना वाळीत टाकले. अण्णा घरी राहिले तर सगळ्या घरालाच वाळीत टाकणार होते. म्हणून अण्णांना आपल्याच घरात राहता येईना. आई होती, भाऊ होता, बहीण होती, पण आईच्या शेजारी बसून जेवता येईना. आजीने हा भाग माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. अण्णा कोणाशी भांडले नाहीत. गावाची शाळा मोठी व्हावी म्हणून त्यांनी मुरूड फंड काढला होता, त्याचे कामही त्यांनी सोडले नाही. आज त्याच मुरूडात अण्णांचा पुतळा आहे.

अण्णांना वाटले, आपण एकट्याने लग्न करून काय होणार? बाकीच्या विधवा बायकांचे काय? त्या शिकल्या तर आपल्या पायावर उभ्या राहतील. म्हणून त्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला. पुण्यात प्लेगची साथ आली, तेव्हा आश्रम गावाबाहेर हिंगण्याला न्यायचे ठरले. रावबहादूर गोखले यांनी जागा दिली. १९०० साली तिथे एक झोपडी बांधली. आजूबाजूला रान होते. अण्णा दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी आश्रमाला लागणारे सामान घेऊन चालत हिंगण्याला जायचे. रस्ता असा नव्हताच. पावसाळ्यात चिखलातून जावे लागे. ती झोपडी अजून जपून ठेवली आहे. त्या भागाला आता कर्वेनगर म्हणतात.

आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर. मला खरे ते लिहिले पाहिजे. अण्णांच्या घरी पैशांची ओढाताणच असायची. अण्णा पगारातले पैसे आश्रमाला द्यायचे. एकदा तर आपल्या विम्याची पॉलिसीसुद्धा त्यांनी आश्रमाला देऊन टाकली. बाया रागावल्या. उद्या काही बरेवाईट झाले तर पोरांनी काय खायचे, असे त्यांना वाटले. मला वाटते त्यांचे बरोबर होते. आमच्या आईनेसुद्धा हेच म्हटले असते.

पण बाया नुसत्या रागावून बसल्या नाहीत. त्या नागपूरला जाऊन सुईणीचे काम शिकून आल्या आणि घरात पैसा आणू लागल्या. त्या काळी किती पुरुषांनी आपल्या बायकोला असे परगावी शिकायला जाऊ दिले असते? अण्णांनी जाऊ दिले. त्यांनी बायकोला कधी खाली बघायला लावले नाही. बायांना आश्रमाच्या कामात सुरुवातीला घेत नसत, कारण मदत देणाऱ्या लोकांना विधवेचे लग्न पसंत नव्हते. हे बायांना फार लागले असेल. तरीसुद्धा त्या आश्रमासाठी दारोदार पैसे गोळा करायच्या. बायांची बहीण पार्वतीबाई आठवले हीसुद्धा विधवा होती. ती आश्रमात शिकली आणि मोठी झाल्यावर आश्रमासाठी पैसे गोळा करायला अमेरिकेपर्यंत जाऊन आली.

चारही मुलगे शिकून मोठे झाले. रघुनाथरावांनी समाजस्वास्थ्य हे मासिक काढले. शंकरराव डॉक्टर होऊन आफ्रिकेत गेले. दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. भास्करराव हिंगण्याच्या संस्थेतच काम करू लागले. सून इरावती कर्वे मोठ्या विदुषी होत्या. घरात प्रत्येकाचे मत वेगळे होते, पण अण्णांनी आपले मत कोणावर लादले नाही.

१९१६ साली अण्णांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देणगी देऊ केली. त्यांच्या आईचे नाव विद्यापीठाला दिले. तेच आजचे श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ. सत्तरी उलटल्यावर अण्णा युरोप, अमेरिका, जपान फिरून आले. शास्त्रज्ञ आइन्स्टाइन यांनाही भेटले.

आपल्यासारख्या खेड्यातल्या मुलांनी तर अण्णांची एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. १९३६ साली, म्हणजे ७८ व्या वर्षी, त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यात शाळा नाही तिथे शाळा काढायची, हे त्याचे काम. या वयात आपले आजोबा कट्ट्यावर ऊन खात बसतात. अण्णा खेड्यातल्या शाळांसाठी पैसे गोळा करत पायी हिंडायचे.

१९५० साली बाया वारल्या. सत्तावन्न वर्षांची सोबत सुटली. १९५५ साली अण्णांना पद्मविभूषण मिळाले. १९५८ साली त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी भारतरत्न हा सर्वांत मोठा किताब मिळाला आणि त्यांच्या चित्राचे पोस्टाचे तिकीटही निघाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांनी देह ठेवला.

मी आजीला सांगितले, की अण्णांनी घराकडे पाहिले, पण त्यांचे घर फार मोठे होते. त्यात हिंगण्याच्या सगळ्या मुली होत्या. आजी बराच वेळ गप्प बसली.

आमच्या घरी संक्रांतीला हळदीकुंकू असते. तिळगूळ आत्याच करते, पण बायका आल्या की ती आत चुलीपाशी जाऊन बसते. तिला कोणी जा म्हणत नाही आणि कोणी ये पण म्हणत नाही. मला आधी ते कळत नव्हते. आता कळते. येत्या संक्रांतीला मी तिचा हात धरून तिला पुढच्या खोलीत आणणार आहे. आजीला मी तसे सांगितले आहे. आजी नको म्हणाली नाही.

अशा या थोर आणि मायाळू अण्णांना माझे शतशः प्रणाम.