यादीबाहेरचे गोखले

आमच्या विंगमध्ये जवळजवळ प्रत्येकाकडे ती यादी आहे. इंग्रजी शब्द, पुढे डॅश, पुढे अर्थ. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीआधी मीही घोकायला घेतली. रोज तीस शब्द, मेसच्या रांगेत सुद्धा. आठवड्याने रूममेटने पहिले तीस विचारले. आठवले अकरा! दहावीपर्यंत मराठी माध्यम, गाव गुहागर तालुक्यातलं. वाटलं, आपलं डोकंच या कामाचं नाही. तोपर्यंत वर्गात एकही प्रश्न विचारला नव्हता, पुढेही विचारायचा नाही असं ठरवून टाकलं.

सुट्टीत घरी हे बोललो तर आजोबा म्हणाले, आपल्याच तालुक्यातल्या कोतळूकचे गोखले मग कसे शिकले? ९ मे १८६६ रोजी तिथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले. शाळेत त्यांच्यावर निबंध लिहिला होता, पण हा प्रश्न कधी पडला नव्हता. पवईला परतल्यावर लायब्ररीतून त्यांची चरित्रं काढली.

घरची गरिबीच. वडील १८७९ मध्ये वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते धाकट्याला पाठवू लागले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, थोडा काळ पुण्याचे डेक्कन आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन. १८८४ मध्ये, अठराव्या वर्षी, ते बी.ए. झाले. एल्फिन्स्टनला तेव्हा प्राचार्य होते विल्यम वर्ड्सवर्थ, कवी वर्ड्सवर्थचे नातू.

गोखल्यांची पद्धत म्हणजे चांगल्या इंग्रजीची पानंच्या पानं पाठ करायची. एडमंड बर्कचे फ्रेंच राज्यक्रांतीवरचे पुस्तक त्यांना मुखोद्गत होते असे चरित्रकार सांगतात. वाचून मला हसू आलं. म्हणजे शेवटी घोकंपट्टीच की!

मग बर्क उघडला आणि हसू गेलं. तिथे 'प्रेज्युडिस' भेटला. माझ्या यादीत अर्थ होता पूर्वग्रह, म्हणजे वाईट. बर्क तर चक्क त्याची बाजू घेत होता! पुढची चार वाक्यं वाचली तेव्हा कळलं, त्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून मुरलेली समजूत म्हणायची आहे. 'प्रिस्क्रिप्शन' म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी नव्हे, तर वहिवाटीने मिळालेला हक्क. आता वहिवाट म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पाठांतर दोघांचंही, पण मी सुटे शब्द गोळा करत होतो आणि गोखल्यांनी शब्द त्यांच्या शेजारपाजाऱ्यांसकट घरी आणले होते.

पुढे ते पुण्याला न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसनमध्ये शिक्षक झाले. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, जे पडेल ते शिकवले. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक कित्येक वर्षे शाळांतून चालले. न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली आकडे तपासण्याची शिस्त लागली.

तरीही एकदा ठेच लागलीच. १८९७ मध्ये वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला ते इंग्लंडला गेले. साक्ष उत्तम झाली. पण पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तातल्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांबद्दल मित्रांची पत्रे आली होती. त्यांच्या भरवशावर गोखल्यांनी तिथे जाहीर आरोप केले. परतल्यावर पुराव्याला कोणी उभे राहीना. त्यांनी बिनशर्त माफी मागितली, आणि सरकारच्या बाजूचे व आपले, दोघेही तुटून पडले. इंग्रजी निर्दोष होते, मागे पुरावा नव्हता.

त्यातून हा माणूस उठला कसा, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २६ मार्च १९०२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात ते अंदाजपत्रकावर बोलले. सगळे भाषण एका शब्दाभोवती होते, 'सरप्लस'. कोशात अर्थ शिल्लक, आणि शिल्लक म्हणजे भरभराट असा सरकारचा हिशोब. गोखल्यांनी शब्दाच्या आजूबाजूचे दाखवले. दुष्काळ, प्लेग, रुपयाचा वाढवलेला भाव, मिठावरचा कर. लोक उपाशी असताना तिजोरीत राहिलेली शिल्लक हे भरभराटीचे लक्षण नाही, ते जादा कराचे लक्षण आहे, हे आकड्यांनी मांडले. यावेळी प्रत्येक शब्दामागे पुरावा होता. पुढच्याच वर्षी मिठावरचा कर कमी झाला.

सगळेच जिंकले असेही नाही. १९११ मध्ये आणलेले सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले.

मित्रांनो, यादी मी फेकलेली नाही. पण आता रोज एकच पान वाचतो. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारतो, आधी मागची-पुढची वाक्यं बघून अर्थाचा अंदाज लिहितो आणि कोश नंतर उघडतो. दहातले सहा-सात बरोबर येतात, आणि आलेले जात नाहीत. जीआरईवाल्यांनीही २०११ पासून सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी विचारणं बंद केलंय. आता वाक्यातली गाळलेली जागा भरायची असते.

आणि हो, गेल्या महिन्यात वर्गात प्रश्न विचारला. इंग्रजीत. एक शब्द चुकला, पण मागचं-पुढचं ऐकून सरांना अर्थ बरोबर कळला.