मानवी हक्कांचे कैवारी

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर देहूरोड हे स्थानक लागते. तुकोबांचे देहू येथून जवळच आहे. येथील कामगार वस्तीतील विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. भीमराव आंबेडकर यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. बरोबर २७ वर्षांपूर्वी, याच तारखेस, त्यांच्या नेतृत्वाखाली महाड येथे मनुस्मृतीचे दहन झाले होते!

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. साताऱ्याच्या शाळेत त्यांना गोणपाटावर वेगळे बसावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावण्याची सोय नव्हती. पुढे न्यूयॉर्क व लंडन येथे त्यांनी मोठ्या पदव्या मिळविल्या. तरीही बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या या विद्वानास राहावयास जागा मिळेना. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन त्यांनी या अन्यायाला जाहीर आव्हान दिले.

मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात प्रवेश नसे. तुटलेला धागा सांधताना त्याला थुंकी लावावी लागे व तिचा इतर कामगारांना विटाळ होई! १९२८ च्या संपाच्या वेळी साम्यवादी पुढाऱ्यांना डॉक्टरांनी याचा जाब विचारला. कामगारच कामगारास दूर लोटत असेल, तर एकजूट ती कोणाची? तथापि त्यांच्या मनात आकस नव्हता. १९३८ मध्ये कामगारांचा संपाचा हक्क हिरावला जाऊ लागताच ते त्याच पुढाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

पुढे घटना समितीच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. अस्पृश्यता नष्ट करणारे कलम घटनेत आले. हक्कावर गदा आल्यास नागरिकास थेट सर्वोच्च न्यायालयाकडे जाता यावे, या तरतुदीस ते घटनेचा प्राण मानीत. हिंदू संहिता विधेयक रखडले, तेव्हा १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. पुढच्याच महिन्यात काठमांडूच्या परिषदेत त्यांनी बुद्ध व मार्क्स यांची तुलना केली. त्या काळी अर्धे जग साम्यवादाकडे आशेने पाहत होते. दुःखनिवारणाचे ध्येय डॉक्टरांनाही मान्य होते. परंतु रक्तपात व हुकूमशाही हे मार्ग त्यांनी साफ नाकारले. बळाने लादलेली व्यवस्था बळ सरताच कोसळते, आणि मन वळवून केलेला बदल टिकतो, असे त्यांचे मत होते.

बौद्ध धर्म सोप्या भाषेत सांगणारा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असे त्यांनी देहूरोडच्या जनसमुदायाला सांगितले होते. प्रकृती ढासळत असतानाही त्यांनी तो लिहून पुरा केला. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले. ग्रंथ छापून निघाला, तो १९५७ मध्ये.