कराची ते मुंबई : जेआरडी टाटांना विमानाने सात तास का लागले होते?

कराची आणि मुंबई विमानतळांमधलं सरळ अंतर साधारण ८७५ किलोमीटर. जेट विमानाला एवढं अंतर कापायला दीड तास पुरतो. पण १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी कराचीहून निघाले आणि जुहूच्या धावपट्टीवर उतरले दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी. म्हणजे सव्वासात तास!

झालं असं की, त्यांच्या छोट्याशा 'पस मॉथ' विमानाला एकच इंजिन होतं. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. एका दमात मुंबई गाठणं शक्य नव्हतं, म्हणून इंधनासाठी अहमदाबादला थांबायचं. त्या वळशामुळे अंतर हजार किलोमीटरच्या पुढे गेलं. अहमदाबादला इंधनाचे डबे आले ते चक्क बैलगाडीतून. विमानात रेडिओ नव्हता, प्रवासी नव्हते. होती फक्त २५ किलो टपाल.

या टपालासाठीच सगळा खटाटोप होता. लंडनची पत्रं विमानाने कराचीपर्यंत यायची आणि पुढे रेल्वेने रखडायची. सरकार अनुदान द्यायला तयार नव्हतं, तेव्हा टाटांनी अनुदानाशिवाय सेवा सुरू केली. मुंबईहून पुढे मद्रासपर्यंत टपाल नेलं त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. पावसाळ्यात जुहूच्या मैदानात चिखल झाला की सगळा कारभार पुण्याला हलवायचा.

जेआरडींचा जन्म १९०४ चा, पॅरिसचा. आई फ्रेंच. इंग्लिश खाडी विमानाने ओलांडणारे लुई ब्लेरिओ हे त्यांचे सुट्टीतल्या गावचे शेजारी, त्यामुळे विमानाचं वेड तिथूनच लागलं. १९२९ मध्ये त्यांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. १९३० मध्ये भारत ते इंग्लंड एकट्याने उडण्याच्या स्पर्धेत ते उतरले. वाटेत इजिप्तमध्ये प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकलेले दिसले, तर यांनी स्वतःकडचा जादा प्लग देऊन टाकला. स्पर्धा अस्पींनीच जिंकली. हेच अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

टपालाच्या त्या सेवेतूनच एअर इंडिया उभी राहिली. १९४८ मध्ये तिचं विमान लंडनला पोहोचलं. १९५३ मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली, तरी अध्यक्ष जेआरडीच राहिले. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना पदावरून दूर केलं.

१९८२ मध्ये पहिल्या उड्डाणाला ५० वर्षं झाली. तेव्हा ७८ वर्षांच्या जेआरडींनी 'लेपर्ड मॉथ' विमानातून पुन्हा कराची ते मुंबई प्रवास केला. १९९३ मध्ये जिनिव्हात त्यांचं निधन झालं. २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली.

आणि कराची-मुंबई मार्ग? सध्या त्यावर थेट विमानसेवाच नाही. दुबईसारख्या ठिकाणी विमान बदलावं लागतं. मधला थांबा धरला तर जेआरडींच्या सव्वासात तासांपेक्षा जास्त वेळ सहज जातो.