वास्तूची किमया उलगडणारा समीक्षक

इमारतींविषयी मराठीत जे लिहिले जाते ते बहुधा एक तर इतिहास सांगते, नाही तर चौरस फुटाचा भाव. या दोहोंहून वेगळी वाट माधव आचवल यांनी १९६१ साली ‘किमया’ या पुस्तकाने दाखवली.

१९२६ साली जन्मलेले आचवल व्यवसायाने वास्तुशिल्पज्ञ. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी वास्तुकला शिकवली. एकांकिका लिहिल्या, ‘जास्वंद’मधून साहित्यसमीक्षाही केली, पण नाव राहिले ते ‘किमया’मुळेच. मोकळ्या जागेत एक भिंत उभी राहते आणि त्या जागेला आत-बाहेर प्राप्त होते, सावली पडते, वाटेला वळण मिळते. वास्तूला गुण देण्यापेक्षा ती शब्दांत पुन्हा उभारणे, ही आचवलांची समीक्षा. म्हणूनच हे पुस्तक ललित की समीक्षा, हा वाद तसा निरर्थकच.

ही नजर घेऊन पुणेकराने सोलापूर रस्त्याने दौंड तालुक्यातील यवतपर्यंत जावे आणि तेथून भुलेश्वराचा डोंगर चढावा. बाहेरून चुन्याचे घुमट आणि मिनार; आत अंधाऱ्या, अरुंद पायऱ्या आणि मग एकाएकी काळ्या पाषाणातले यादवकालीन शिल्पवैभव. माहितीपुस्तिका शतक सांगेल. डोळे दिपवणाऱ्या उन्हातून त्या काळोखात शिरताना पावले का मंदावतात, हे सांगायला आचवलांसारखाच लेखक हवा. शिरूर तालुक्यातील पाबळची मस्तानीची साधी कबरही अशाच लेखकाची वाट पाहते आहे.

अर्थात, केवळ अनुभवाला प्रमाण मानणाऱ्या या लेखनपद्धतीत वास्तू कोणाच्या पैशाने उभी राहिली, कोणाला तिचा उंबरा ओलांडता येत नव्हता, हे प्रश्न मागे पडतात. ही उणीव पुढच्या लेखकांनी भरून काढायची होती. १९८० साली, अवघ्या चौपन्नाव्या वर्षी आचवल गेले आणि ती वाट जवळजवळ ओस पडली. पुढे अतुल पेठे यांच्या अभिवाचनातून ‘किमया’ नव्या रसिकांच्या कानी पडली, हे खरे. पण तिच्या जोडीला ठेवावे असे दुसरे पुस्तक चटकन आठवत नाही. शिरूर-दौंडकडचा एखादा जुना वाडा उतरवला जातो तेव्हा त्याच्या सागवानाचा चोख हिशेब होतो. ओसरीवरून माजघरात जाताना उजेड कसा पायरीपायरीने विझत जाई, ते मात्र कोणी लिहून ठेवत नाही.