केन सारो-विवा

केनुले बीसन सारो-विवा (१० ऑक्टोबर १९४१ – १० नोव्हेंबर १९९५) हे नायजेरियन लेखक, दूरचित्रवाणी मालिकांचे निर्माते आणि ओगोनी जमातीच्या पर्यावरणीय हक्कांसाठी लढणारे नेते होते. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात खनिज तेलाच्या उत्खननामुळे झालेल्या प्रदूषणाविरुद्ध त्यांनी अहिंसक चळवळ उभारली. नायजेरियाच्या लष्करी राजवटीने त्यांना आठ सहकाऱ्यांसह फाशी दिली.

जीवन व लेखन

सारो-विवांचा जन्म दक्षिण नायजेरियातील बोरी येथे झाला. उमुआहिया येथील शासकीय महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर त्यांनी इबादान विद्यापीठात इंग्रजी साहित्याचा अभ्यास केला. १९६७ ते १९७० या काळातील बियाफ्रा युद्धात त्यांनी संघराज्याची बाजू घेतली आणि बॉनी या तेलबंदराचे प्रशासक म्हणून काम केले. पुढे ते रिव्हर्स राज्याच्या मंत्रिमंडळात होते. मात्र ओगोनींच्या स्वायत्ततेचा पुरस्कार केल्यामुळे १९७३ साली त्यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्या संघराज्यासाठी ते युद्धकाळात उभे राहिले, त्याच्याशीच त्यांचा संघर्ष येथून सुरू झाला.

त्यानंतर त्यांनी व्यापारात जम बसवला व लेखनाकडे लक्ष वळवले. युद्धात ओढल्या गेलेल्या एका खेडवळ तरुणाची कथा सांगणारी ‘सोझाबॉय’ (१९८५) ही त्यांची कादंबरी मुद्दाम मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलेली आहे. ‘बासी अँड कंपनी’ ही त्यांची विनोदी मालिका नायजेरियात अत्यंत लोकप्रिय झाली.

तेल आणि कायदा

ओगोनी प्रदेशाचे क्षेत्रफळ सुमारे १,००० चौरस किलोमीटर आणि त्या काळातील लोकसंख्या सुमारे ५ लाख होती. शेती व मासेमारी हे तेथील उपजीविकेचे मुख्य आधार. तेथे १९५८ साली तेल सापडले. १९६९ च्या पेट्रोलियम कायद्याने सर्व तेलाची मालकी संघराज्याकडे गेली आणि तेल उत्पन्नातील उत्पादक प्रदेशांचा वाटाही पुढे घटत गेला.

पर्यावरणविषयक नियम नव्हते असे नाही. तेलाबरोबर निघणारा वायू उघड्यावर जाळण्यास १९७९ च्या कायद्याने आळा घातला; १ जानेवारी १९८४ नंतर मंत्र्यांच्या परवानगीशिवाय वायू जाळता येणार नव्हता. परंतु परवानग्या मिळत राहिल्या आणि दंड इतका किरकोळ होता की वायू साठवण्यापेक्षा तो जाळणेच कंपन्यांना स्वस्त पडे. गावांलगत ज्वाला रात्रंदिवस पेटलेल्या असत आणि जमिनीवरून जाणाऱ्या वाहिन्यांतून गळणारे तेल शेतांत व खाड्यांत उतरे. युरोपात कडक निर्बंध पाळणाऱ्या कंपन्या आफ्रिकेत वेगळा मापदंड लावतात, हा सारो-विवांचा मुख्य आक्षेप होता.

चळवळ

१९९० साली ओगोनी हक्कांची सनद प्रसिद्ध झाली आणि ‘ओगोनी लोकांच्या अस्तित्वासाठी चळवळ’ (मोसॉप) ही संघटना स्थापन झाली. तिने तेल कंपन्यांकडे थकीत स्वामित्वधन व नुकसानभरपाई म्हणून १० अब्ज डॉलरची मागणी केली. ४ जानेवारी १९९३ रोजी निघालेल्या मोर्चांत सुमारे ३ लाख लोक, म्हणजे जमातीतील निम्म्याहून अधिक माणसे, सहभागी झाल्याचे सांगितले जाते. त्याच वर्षी शेल कंपनीने ओगोनी प्रदेशातील उत्पादन थांबवले.

चळवळीत मतभेदही होते. अध्यक्षीय निवडणुकीवर बहिष्कार घालण्याच्या प्रश्नावरून काही ज्येष्ठ नेते बाहेर पडले. २१ मे १९९४ रोजी जमावाने चार ओगोनी प्रमुखांची हत्या केली. त्यांपैकी एडवर्ड कोबानी हे सारो-विवांचे जुने मित्र होते.

खटला व फाशी

त्या दिवशी सारो-विवांना लष्कराने घटनास्थळाकडे जाण्यापासून रोखले होते. तरीही हत्येस चिथावणी दिल्याचा आरोप ठेवून त्यांना अटक करण्यात आली. खटला विशेष न्यायाधिकरणापुढे चालला. त्याच्या निर्णयावर अपिलाची सोय नव्हती. सरकार पक्षाच्या दोन साक्षीदारांनी पुढे आपल्या साक्षी लाच घेऊन दिल्याचे प्रतिज्ञापत्रावर सांगितले. तुरुंगात असतानाच सारो-विवांना राइट लाइव्हलीहूड (१९९४) व गोल्डमन पर्यावरण (१९९५) हे पुरस्कार मिळाले. १० नोव्हेंबर १९९५ रोजी पोर्ट हारकोर्ट येथे नऊ जणांना फाशी देण्यात आली. त्या वेळी ऑकलंडमध्ये राष्ट्रकुल परिषद सुरू होती. तिने नायजेरियाचे सदस्यत्व स्थगित केले. ते १९९९ मध्ये पूर्ववत झाले.

नंतरच्या घडामोडी

१९९९ च्या राज्यघटनेने उत्पादक राज्यांना तेल उत्पन्नाचा किमान १३ टक्के वाटा दिला. मृतांच्या कुटुंबीयांनी अमेरिकेत दाखल केलेला दावा शेलने २००९ साली १.५५ कोटी डॉलर देऊन मिटवला; जबाबदारी मात्र नाकारली. संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०११ च्या अहवालानुसार एका ओगोनी वस्तीतील विहिरींच्या पाण्यात बेंझीनचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या ९०० पटींहून अधिक होते आणि संपूर्ण स्वच्छतेस २५ ते ३० वर्षे लागणार होती. जून २०२५ मध्ये नायजेरियाच्या अध्यक्षांनी नऊही जणांना मरणोत्तर माफी दिली. माफीसाठी आधी गुन्हा गृहीत धरावा लागतो, म्हणून दोषमुक्तीची मागणी करणाऱ्यांनी ती अपुरी मानली.